तारीख ठरली, पाहुणे ठरले, मग मैदान मोजायला निघाले

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका शिक्षणसंस्थेचा सुवर्णमहोत्सव आहे. मे महिन्यातला रविवार ठरलाय, संध्याकाळी पाचची वेळ, मोठे पाहुणे ‘हो’ म्हणालेत, गावाबाहेरचं मैदान मिळालंय. आजी-माजी विद्यार्थी, पालक, गावकरी मिळून तीस हजार लोक येतील असा अंदाज आहे. समितीत राबणारी, हुशार माणसं आहेत. तरीही असे कार्यक्रम फसल्याचं ऐकतो, ते नेमके कशाने फसतात?

मी बरीच वर्षं मोठ्या कार्यक्रमांचं मैदान सांभाळते. मैदान म्हणजे व्यासपीठ सोडून उरलेलं सगळं: फाटकं, रांगा, पार्किंग, पाणी, संडास, बॅरिकेड, रुग्णवाहिकेचा रस्ता. त्यामुळे माझं उत्तर याच बाजूने येणार. व्यासपीठाची काळजी वाहणारे समितीत पुष्कळ असतात. फसलेल्या कार्यक्रमांत व्यासपीठ बहुतेक वेळा उत्तम चाललेलं असतं, आणि तिथे बसलेल्यांना खाली काय झालं ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळतं.

तुमच्याकडे गोष्टी कुठल्या क्रमाने ठरल्या ते बघा. आधी तारीख, मग पाहुणे, मग मैदान, आणि सगळ्यात शेवटी लोक किती येतील हा विचार. आपल्याकडे हा क्रम इतका रुळलाय की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. पाहुण्यांची तारीख मिळाली की बाकी सगळं त्या तारखेला वाकवायचं. ऊन असलं तरी तीच तारीख, मैदानाला एकच रस्ता असला तरी तेच मैदान. मग नियोजन म्हणून जे काही होतं ते आधीच घेतलेल्या निर्णयांची सारवासारव असते.

खारघरचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा तिथे उघड्या मैदानावर झाला. लाखोंचा समुदाय आला, आणि शिस्तीत बसला. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. आणि उष्माघाताने चौदा माणसं गेली. व्यासपीठावर छप्पर होतं, लोकांच्या डोक्यावर नव्हतं. त्या भागात पारा अडतिसाच्या आसपास होता. विदर्भातला माणूस म्हणेल हे काय ऊन आहे, पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. त्यात एवढा समुदाय वेळेवर बसवायचा म्हणजे माणसं पहाटे, काही तर आदल्या रात्रीच आलेली. पाहुण्यांसाठी तो काही तासांचा कार्यक्रम होता; लोकांसाठी अर्ध्या दिवसाहून मोठा. पुढच्याच वर्षी, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या प्रात्यक्षिकांना लाखो लोक जमले. विमानं वेळेवर उडाली. पाच माणसं दगावली, आणि परतीचे रस्ते नि रेल्वे स्थानकं तुंबून बसली.

म्हणून मी पहिल्या बैठकीत समितीला एकच काम देते. सरकारी कार्यक्रमात ‘मिनिट टू मिनिट’ नावाचा कागद असतो. हल्ली खासगी कार्यक्रमातही असतो. ५.०० आगमन, ५.०५ दीपप्रज्वलन, ५.१० स्वागतगीत. या कागदात एक रकाना वाढवा: त्या मिनिटाला प्रेक्षक कुठे असतील आणि काय करत असतील. कागदाची सुरुवात पाच वाजता करू नका, पहिला माणूस घरातून निघतो तिथून करा, आणि शेवट राष्ट्रगीतावर करू नका, शेवटची बस सुटेल तिथे करा. बहुतेक समित्या हा रकाना भरायला बसल्या की तासाभरात गप्प होतात.

आता तुमच्या आकड्यांवर हिशोब करू, कारण यात अंदाजापेक्षा भागाकार जास्त उपयोगी पडतो.

आधी आत येणं. पिशवी बघायची, माणूस तपासायचा, पास बघायचा, याला दहा सेकंद धरा. म्हणजे एका रांगेतून मिनिटाला सहा, तासाला ३६० माणसं. वीस रांगा लावल्या तर तासाला ७,२००. तीस हजार माणसं आत घ्यायला चार तासांहून जास्त लागतात. पाचला कार्यक्रम सुरू करायचा तर फाटकं साडेबाराच्या सुमाराला उघडायला हवीत. म्हणजे ‘संध्याकाळचा कार्यक्रम आहे, उन्हाचा प्रश्न नाही’ हे समितीतलं वाक्य इथेच निकालात निघालं: तुमचे लोक मेच्या भर दुपारी रांगेत उभे राहणार आहेत. शिवाय लोक चार तासांत सारखे वाटून येत नाहीत. निम्म्याहून जास्त शेवटच्या तासात येतात, आणि नेमकं तेव्हाच आतून ध्वनिक्षेपकावर ‘पाहुण्यांचं आगमन होत आहे’ ऐकू येतं. बाहेर राहिलेला माणूस पुढे रेटायला लागतो तो त्या क्षणी. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पुरुषांच्या समितीत हमखास सुटते. वीस रांगांपैकी बायकांसाठी तीन ठेवतात, कारण महिला सुरक्षारक्षक तेवढ्याच मिळतात. पालकांच्या कार्यक्रमात निम्म्या बायका असतात. मग पुरुषांच्या रांगा रिकाम्या झाल्यावरही बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते, कडेवर पोरं असतात. शेवटी कुणीतरी कंटाळून ‘सोडा सगळ्यांना’ म्हणतो आणि तपासणीच बंद होते. हे टाळायचं असेल तर निम्म्या रांगा बायकांच्या ठेवा, आणि बिनपिशवीच्या माणसांची वेगळी रांग करा; ती तिप्पट वेगाने चालते.

मग बाहेर पडणं. ब्रिटनमध्ये स्टेडियमसाठी ‘ग्रीन गाइड’ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात सपाट रस्त्यावरून एक मीटर रुंदीला मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जातात असं धरतात, पायऱ्यांवरून ६६. तुमच्या मैदानाला सहा-सहा मीटरची दोन फाटकं आहेत असं समजू. बारा मीटर म्हणजे मिनिटाला ९८४ माणसं, तीस हजारांना अर्धा तास. छान. आता कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोलीस येऊन सांगतात, एक फाटक फक्त व्हीआयपींच्या गाड्यांसाठी ठेवा. अर्ध्या तासाचा एक तास झाला. आणि ८२ हा आकडा मोकळ्या, उजेडातल्या, सपाट रस्त्याचा आहे. आपल्याकडे वाटेत चपला शोधणारे असतात, हात धरलेले म्हातारे असतात, फाटकाच्या तोंडाशीच भेळेची गाडी असते. मी निम्माच आकडा धरते. म्हणजे तीस हजार लोकांना दोन तास. ते दोन तास मैदानात काय चालू ठेवणार? समित्यांच्या कागदांत याचं उत्तर मला सहसा सापडत नाही, कारण त्यांच्या लेखी आभारप्रदर्शन झालं की कार्यक्रम संपला.

हाथरसला २ जुलै २०२४ रोजी १२१ माणसं गेली ती सत्संग संपल्यावर, लोक निघत असताना. परवानगी ८० हजारांची होती, आलेले अडीच लाखांच्या वर होते. प्रवचनकाराची गाडी जाताना मागे पायधूळ घ्यायला लोक धावले, आणि शेजारी चिखलाचा उतार होता. पाहुणा आणि गर्दी एकाच वेळी एकाच दिशेने निघू द्यायची नाही, हा नियम सांगायला सोपा आहे. पाळायला फार अवघड, कारण तो पाळायचा तर पाहुण्याला ‘थांबा’ म्हणणारा कुणीतरी लागतो.

जर्मनीतल्या डुइसबुर्गची ‘लव्ह परेड’ आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी अभ्यासलेली आहे. २४ जुलै २०१०, संगीत महोत्सव, जागा म्हणजे रेल्वेचं जुनं मालधक्क्याचं आवार. गर्दीला आत जायला आणि बाहेर यायला मुख्य वाट एकच: दोन्ही बाजूंनी येणारे बोगदे आणि मध्ये वर चढणारा उतार. येणारे आणि जाणारे त्या उतारावर समोरासमोर आले, आणि २१ जण चेंगरून गेले. मला यात सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती आदल्या वर्षीची. २००९ मध्ये हाच महोत्सव बोखुम शहरात व्हायचा होता. आपल्याकडची जागा आणि रेल्वे स्थानक एवढ्या लोकांना पुरणार नाही, असं म्हणून त्या शहराने तो नाकारला. शहराचं हसं झालं, कचखाऊपणाचा आरोप झाला. मोठा कार्यक्रम नाकारणाऱ्याचं कौतुक कुठेच होत नाही. डुइसबुर्गचा खटला मात्र वर्षानुवर्षं चालून २०२० मध्ये निकालाविनाच बंद झाला.

गर्दीच्या अंदाजाबद्दल एवढंच सांगते की फुकट कार्यक्रमाला अंदाज नसतो, फक्त आशा असते. ४ जून २०२५ ला बंगळूरमध्ये आयपीएल जिंकलेल्या तिथल्या क्रिकेट संघाचा विजयोत्सव झाला. आदल्या रात्री सामना जिंकलेला, काही तासांत उत्सव ठरलेला. स्टेडियमची क्षमता पस्तीस हजारांच्या आसपास आणि बाहेर जमलेले लोक लाखांच्या घरात. प्रवेश कुणाला, पासवर की पासाविना, यावर दिवसभर उलटसुलट निरोप फिरत राहिले. फाटकांवर अकरा जण मेले. स्टेडियमच्या आत त्याच वेळी सत्कार सुरू होते. तुमच्या बाबतीत निदान एक करा: नोंदणी ठेवा, फाटकावर माणसं मोजा, आणि मैदान भरलं की फाटक बंद होईल हे पत्रिकेवरच छापा. बंद झाल्यावर आलेल्यांसाठी बाहेर मोठा पडदा आणि बसायची जागा ठेवा. परत पाठवलेला माणूस परत जात नाही, तो फाटकावरच थांबतो.

आता मुद्दा अधिकाराचा. माझ्या मते सगळ्यात जास्त कार्यक्रम इथे फसतात, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला ‘अॅस्ट्रोवर्ल्ड’ महोत्सवात सुमारे पन्नास हजार लोक होते. कागद नव्हता असं नाही. सविस्तर आराखडा होता. त्यात बॉम्बची धमकी होती, गोळीबार होता, वादळ होतं. गर्दीचा लोट आला तर काय, हे मात्र नव्हतं. कार्यक्रम थांबवायचा अधिकार फक्त दोघांना होता. अनेक लोक जखमी झाल्याचं यंत्रणेने जाहीर केल्यानंतरही गाणं अर्ध्या तासाहून जास्त चालू राहिलं. दहा जण गेले.

आपल्याकडे तर असे दोघंही नेमलेले नसतात. समितीत चाळीस माणसं, प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, आणि ‘थांबवा’ म्हणायचा हक्क कुणालाच नाही. स्वागताध्यक्ष संस्थाचालकांकडे बघतात, संस्थाचालक आमदारांकडे, आमदार घड्याळाकडे. साउंडवाला म्हणतो, मला सरांनी सांगितल्याशिवाय माइक बंद करता येत नाही. म्हणून मी लेखी मागून घेते: एका माणसाचं नाव, त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं, आणि तो माणूस व्यासपीठावर बसणारा नसावा. त्याने सांगितलं की माइक बंद, दिवे पूर्ण, सूत्रसंचालकाच्या हातात आधीच लिहून दिलेली चार वाक्यं. हे मागितलं की समितीत अस्वस्थता पसरते. कुणी म्हणतं, ‘ताई, शुभ बोला.’ मी हसते आणि कागद पुढे सरकवते.

अधिकार असूनही खबर पोचली नाही तर उपयोग नाही. दक्षिण कोरियात सोल शहराच्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ ला हॅलोविनच्या गर्दीत १५९ जण गेले. गल्ली उताराची, अरुंद ठिकाणी तीन मीटरच्या थोडी वर. तिथून पोलिसांना पहिला फोन संध्याकाळी ६.३४ ला गेला होता, इथे माणसं चेंगरतील असं सांगणारा. दुर्घटना घडली रात्री सव्वादहाच्या सुमारास. मधल्या काळात आणखी फोन गेले. सगळी माहिती होती, ऐकणारं कुणी नव्हतं. त्या उत्सवाला कुणी एक आयोजकच नसल्याने गर्दी कुणाची, हाच प्रश्न होता.

याच्या उलट उदाहरण शोधायला मला परदेशी जावं लागत नाही. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा तळ पडला की समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, आणि मग आरती पुढे जाते. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारलं जातं. एवढ्या समुदायात शेवटच्या माणसाचं म्हणणं रोज संध्याकाळी वरपर्यंत पोचेल अशी सोय, वॉकीटॉकी नसतानाच्या काळात बसवलेली. मी अनेक कंट्रोल रूम पाहिल्या आहेत; यातली अर्धी शिस्तसुद्धा त्यांत नसते. वारीत दुसरीही गोष्ट घेण्यासारखी आहे. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, रथाच्या पुढे की मागे ते ठरलेलं आहे, आणि आपापल्या माणसांचं जेवण, पाणी, तंबू, सामानाची ट्रक ही दिंडीची जबाबदारी. लाखो लोकांना एका जागी एकाच भांड्यातून वाढायचा प्रयत्न कुणी करत नाही. तुमच्याकडेही माजी विद्यार्थ्यांच्या बॅचेस आहेतच. बॅचवार बसवा, बॅचचा एक प्रमुख, त्याच्याकडे शंभरेक माणसं. त्याला चेहरे माहीत असतात. कुणी भोवळ येऊन पडलं तर तो स्वयंसेवकाच्या आधी ओळखतो.

पाण्याचं थोडक्यात. उन्हात चार-पाच तास काढणाऱ्या माणसाला मी किमान दोन लिटर धरते. तीस हजारांना साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. टँकर मिळतात हो. कमी पडतात ते नळ, आणि चुकते ती जागा. टँकर मैदानाच्या कडेला उभा असतो, आणि मध्ये बसलेला माणूस उठत नाही, कारण उठला की खुर्ची गेली. आजी तर संडासला जावं लागेल म्हणून पाणी पीतच नाहीत. म्हणून पाणी माणसाकडे न्यायचं, बसायच्या प्रत्येक चौकोनात, आणि संडासाकडे जायचा रस्ता मोकळा आखून दोरीने राखायचा. जेवणाची कुपनं, पिशव्या, स्मरणिका यांचं वाटप कधीही बाहेर पडायच्या वाटेवर ठेवू नका. फुकट वस्तू ठेवली की तिथे वाट बंद झाली असं समजायचं.

हे सगळं वाचून काही समित्या दुसऱ्या टोकाला जातात, तेही सांगायला हवं. नाशिकला २००३ च्या कुंभमेळ्यात अरुंद उतारावर ३९ भाविक चेंगरून गेले. त्याचा धसका घेऊन २०१५ च्या पहिल्या शाहीस्नानाला इतके बॅरिकेड आणि इतकी नाकेबंदी झाली की भाविकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं, अपेक्षेच्या मानाने फारच थोडे लोक घाटावर पोचले, आणि गावातले लोक घरात अडकले. टीका झाल्यावर पुढच्या पर्वणीला बंधनं सैल केली. मला विचाराल तर दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी २०१५ घेईन. पण बॅरिकेड म्हणजे नियोजन नव्हे. गर्दीच्या वाटेत आडवं लावलेलं बॅरिकेड धोका वाढवतं. ते वाटेच्या कडेने, दिशा दाखवायला लावायचं असतं, आणि दर थोड्या अंतरावर त्यात उघडणारी जागा ठेवायची असते. मांडववाल्याला हे सांगितलं नाही तर तो सलग बांधून मोकळा होतो.

पैशाबद्दल एक उदाहरण पुरे. २०१७ च्या एप्रिलमध्ये बहामाज बेटांवर ‘फायर फेस्टिव्हल’ व्हायचा होता. जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा गेला, आलिशान बंगल्यांची आश्वासनं दिली गेली. लोक पोचले तेव्हा तिथे आपत्तीत वापरतात तसले तंबू आणि पावसाने भिजलेल्या गाद्या होत्या. त्याच शनिवार-रविवारी बेटावर होड्यांच्या शर्यती होत्या, त्यामुळे हॉटेलंही भरलेली.  आयोजकाला पुढे फसवणुकीबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या समितीत फसवणूक करणारं कुणी नाही, पण खर्चाचा कागद काढून बघा: फलक, स्वागतकमानी, व्यासपीठ, फुलं, एलईडी पडदा यांना किती, आणि पाणी, संडास, सावली, फाटकं, डॉक्टर यांना किती. दुसरी रक्कम पहिलीच्या निम्मीही नसेल तर मला पुढचं काही विचारावं लागत नाही.

आता तुम्ही काय करायचं. तारीख मे महिन्याची आहे, ती बदला. पाहुण्यांना पुन्हा तारीख मागायचा संकोच होतो, कळतं मला. पण त्यांच्या कार्यालयाला ‘उन्हामुळे आम्ही कार्यक्रम डिसेंबरात नेतोय’ हे पत्र पाठवलं तर खारघरनंतर कुणी वाईट वाटून घेणार नाही, उलट त्यांनाही सुटल्यासारखं होईल. ते अगदीच अशक्य असेल तर तीस हजारांचा एक सोहळा मोडून पाच-सहा हजारांचे पाच-सहा करा, बॅचवार, वेगवेगळ्या दिवशी, शाळेच्याच पटांगणात. मुख्य पाहुणे एकाला येतील. माजी विद्यार्थ्यांना खरं तर हेच आवडतं. तीस हजारांत वर्गमित्र सापडत नाही.

मैदानच घ्यायचं असेल तर या आठवड्यात दोघांनी टेप घेऊन जा. दोन्ही फाटकांची मोकळी रुंदी, आतल्या गटाराचा उतार, रस्त्यापासून फाटकापर्यंतची सगळ्यात अरुंद जागा, रुग्णवाहिका उलट दिशेने कुठून येईल ती वाट. हे दुपारी दीड वाजता करा आणि अर्धा तास तिथेच उभे राहा. संध्याकाळी एकदा परत जा, दिवे नसताना. आलेले आकडे वरच्या भागाकारात घाला. बाहेर पडायला तासाहून जास्त लागतोय असं दिसलं, तर फाटक वाढवायची परवानगी मैदानमालकाकडून लेखी घ्या. ती मिळेपर्यंत पत्रिका छापायला देऊ नका.